खिळ्यावरच्या किल्ल्या

मे महिन्यात मी गल्लीतली कुलपं मोजते. सवय फारशी चांगली नाही, पण पहाटे साडेपाचला पुलाकडे फिरायला निघालं की नजर आपोआप लोकांच्या कड्याकोयंड्यांवर जाते. परवा नऊ होती. काल कोपऱ्यावरचे बालाघाटवाले गेले, दहा झाली. आज परत येताना पाहिलं तर त्यांच्या शेजारच्या दारालाही कुलूप, आणि कुलपावर दुधाची पन्नी दोऱ्याने घट्ट बांधलेली. पन्नी बांधून जाणारा माणूस पाऊस पडून गेल्याशिवाय येत नाही. नुसतं कुलूप लटकवून जाणारा मिरगाच्या आत हजर होतो. इतक्या वर्षांच्या निरीक्षणावर आधारलेलं हे माझं शास्त्र आहे, आणि ते फारसं चुकत नाही.

त्या अकरांतल्या सात घरांच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याच्या वर एक खिळा आहे, त्यावर. छपऱ्याच्या मंडळींच्या किल्लीला लाल लोकरीचा तुकडा बांधलाय, श्रीकाकुलमवाल्यांच्या किल्लीला निळ्या रेशमाचा. बिलासपूरच्या दोघा भावांच्या किल्ल्या एकाच सुतळीत. वर्षभर एकमेकांशी धड बोलत नाहीत, पण गावाला जाताना गाडी एकच पकडतात. बालाघाटवाल्यांच्या किल्लीला पांढरी चिंधी. असं काय काय. आमच्या घराची दुसरी किल्लीही त्याच खिळ्यावर असते. तिला काही बांधलेलं नाही.

किल्लीबरोबर कामं येतात. एका घरची तुळस, एका घरचा कढीपत्ता, एकीकडे गच्चीवरच्या टाकीचं झाकण वाऱ्याने उडत नाही ना एवढंच बघायचं. श्रीकाकुलमवाली बाई जाताना देवाजवळच्या पितळी दिव्यात तेल घालून ठेवते आणि म्हणते, एखाद्या शुक्रवारी लावला तर लावा, नाही तर राहू द्या. मी लावते. परक्याच्या बंद घरात, अर्धवट अंधारात, दुसऱ्या भाषेतल्या देवापुढे दिवा लावून दोन मिनिटं उभं राहायचं, याची एक वेगळीच शांतता असते. त्या घराला हिंगाचा, चिंचेचा आणि बंद कपाटाचा मिळून एक वास आहे. माणसं घरात असतात तेव्हा तो कधी येत नाही.

आमचं कन्हान नागपूरपासून वीसेक किलोमीटरवर. नदीच्या त्या काठाला कामठी, तिची छावणी. या काठाला आम्ही. गावाला नदीचंच नाव, वेगळं ठेवायची कोणाला गरज वाटली नसावी. गावातून जबलपूरकडे जाणारा रस्ता जातो, रेल्वेची मोठी लाइन हावड्याकडे जाते आणि रामटेकचा फाटा इथल्याच जंक्शनातून फुटतो. आणि कोळसा. खाणी आहेत म्हणून माणसं आहेत, आणि खाणींसाठी आलेली माणसं कुठून कुठून आलेली. आमचे हे खाणीत सर्व्हेअर होते. १९८८ साली देवगडहून दोन ट्रंका, एक वळकटी आणि आंब्याची एक पेटी घेऊन आम्ही इथे उतरलो, ते तीन वर्षांसाठी. तीन वर्षांनी बदली मागायची असं ठरलेलं होतं. मागितलीही होती. पुढे मागायचं विसरलो, की मागण्याची घाई गेली, ते आता आठवत नाही. निवृत्तीच्या आधी क्वार्टर सोडून या गल्लीत लहानसं घर बांधलं. मी शाळेत शिकवत होते, तेव्हापासून गावाला मी ‘कोकणवाल्या बाई’.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. भाजीवाली दारात आली आणि टोपलीतून हिरवी जुडी काढून म्हणाली, “सांबार देऊ काय जी?” मी म्हटलं, सांबार नको, मी घरीच करते. ती माझ्याकडे बघतच राहिली. “घरीच पेरता काय जी?” आम्ही दोघी मराठीच बोलत होतो, याची मला नंतर किती तरी दिवस गंमत वाटत होती. इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, शेताला वावर, गुडघ्याला टोंगळा, आणि विजेचे दिवे गेले की ‘लाइन गेली’. पण शब्दांचं काय, ते महिन्याभरात अंगवळणी पडतात. मला खरं चकवलं ते क्रियापदाने. शेजारीण विचारायची, “काय करून राहिले जी?” मुलं सांगायची, “बाई, तो रडून राहिला.” बस येत असली तर ‘बस येऊन राहिली’. चालू असलेली प्रत्येक क्रिया इथे राहते. जाणारा जाऊन राहतो, झोपलेला झोपून राहतो, आणि येणारा, अजून वाटेत असतानाच, येऊन राहिलेला असतो. आमच्याकडे राहणं म्हणजे मुक्काम. त्यामुळे सुरुवातीला मला सगळं गाव सतत कुठे ना कुठे मुक्कामाला गेल्यासारखं वाटायचं.

मे महिना माझ्या डोक्यात उलटा बसलेला होता. देवगडकडे मे म्हणजे कुलपं निघण्याचा महिना. वर्षभर बंद असलेल्या घरांची दारं चाकरमानी येऊन उघडत, विहिरीवर रांग लागे, पडवीत अंथरुणं पुरत नसत, फणसाच्या चिकाने पोरांची बोटं चिकट. मुंबईची माणसं आठ-पंधरा दिवसांत सगळं गाव उपभोगून घेत. आम्ही वर्षभर तिथेच राहणारी पोरं त्यांच्याकडे थोडं कौतुकाने, थोडं रागाने बघत असू. ती आली की आम्ही आपल्याच गावात बाजूला सरकत असू. जूनच्या पहिल्या सरीबरोबर ती जात, घरं पुन्हा मिटत आणि गाव आमच्या हातात परत येई. म्हणून इथल्या पहिल्या मेमध्ये गल्लीत एकेक कुलूप लागताना पाहिलं तेव्हा वाटलं होतं, कॅलेंडरच कोणी तरी उलटं टांगलंय.

पुढे आम्हीही जाऊ लागलो. दरवर्षी एप्रिलअखेर क्वार्टरला कुलूप, किल्ली शेजारी, आणि आम्ही दोन गाड्या आणि एक एस.टी. करून देवगड. म्हणजे इथली कुलपं लावणाऱ्यांत आणि तिथली काढणाऱ्यांत आम्ही दोन्हीकडे. सासूबाई गेल्यावर ते थांबलं. घर होतंच, आहेही, दीर बघतात. पण ज्या वर्षी त्या गेल्या त्या वर्षी मे महिन्यात तिथे जायचं मन होईना आणि आम्ही पहिल्यांदा इथेच थांबलो. संध्याकाळी आमच्या ओट्यावर दिवा दिसला म्हणून छपऱ्याची बाई डोकावली. “आप लोग यहीं हैं? तो चाबी आप ही रख लीजिए ना.” ती पहिली किल्ली. तिच्या मागोमाग इतर आल्या.

ही मंडळी निघतानाचं एक दृश्य मी दरवर्षी बघते आणि मला ते कधी कंटाळवाणं होत नाही. सामान रिक्षात चढलेलं असतं. पोरं आधीच जाऊन बसलेली असतात. किल्ली माझ्या हातात देऊन झालेली असते. आणि अशा वेळी घरातला कर्ता माणूस, ज्याने वर्षभर माझ्याशी ‘नमस्ते’पलीकडे शब्द काढलेला नाही, अचानक मला आपल्या गावचा पत्ता सांगू लागतो. स्टेशनावर उतरायचं, मग जीप, मग कालव्याच्या कडेने सरळ, एक मोठा पिंपळ, त्याच्यापुढे आमचं दार, दारात हातपंप; हातपंपावर तांबडा रंग आहे, कोणालाही विचारा. मी काही छपऱ्याला जाणार नाही, हे त्यालाही माहीत असतं. तरी तो हातपंपाचा रंग सांगितल्याशिवाय रिक्षात बसत नाही.

आमच्या शेजारच्या रामटेकच्या डोंगरावर, म्हणजे वा. वि. मिराशींनी जो कालिदासाचा रामगिरी मानला त्या डोंगरावर, एक यक्ष वर्षभराची हद्दपारी भोगत होता. त्याने मेघाला वाट कशी दाखवली, कोणत्या नद्या, कोणती शहरं, याचं आपल्याकडे फार कौतुक होतं. शाळेत ‘मेघदूता’ची गोष्ट सांगताना मीही तेच सांगायची. पण या रिक्षांना निरोप देता देता मला त्याचा उत्तरार्ध कळू लागला. अलकेला पोचल्यावर घर कसं ओळखायचं हे तो किती तपशिलाने सांगतो! कुबेराच्या वाड्याच्या उत्तरेला, इंद्रधनुष्यासारखी कमान, जवळच बायकोने पोराप्रमाणे वाढवलेलं मंदाराचं झाड, पाचूच्या पायऱ्यांची विहीर, दाराच्या दोन बाजूंना शंख आणि पद्म रेखलेले. ढगाला एवढा पत्ता कशाला हवा? पण तो ढगासाठी नसावाच. हातपंप तांबडा आहे, एवढं कोणाला तरी सांगून झालं म्हणजे माणसाला बरं वाटतं.

माझी एक भाची सायप्रसला असते. तिचा नवरा लिमासोलमध्ये जहाजांची व्यवस्था बघणाऱ्या एका कंपनीत आहे. शहरात भाडी परवडत नाहीत म्हणून ती दोघं डोंगराच्या अंगाला एका खेड्यात राहतात. उन्हाळ्यात तिचे फोटो येतात ते सगळ्यांचे येतात तसे, निळं पाणी आणि छत्र्या. मला तिचे जानेवारीतले व्हिडिओ आवडतात. गावातली खानावळ बंद, खुर्च्या एकमेकींवर पालथ्या घालून वर ताडपत्री. रस्त्याला चिटपाखरू नाही. पाऊस. दगडी घर आतून असं गारठलेलं की ती टोपी घालून पोळ्या लाटते. कॉफीच्या दुकानात चार म्हातारे सोंगट्यांचा खेळ मांडून बसलेले. पहिल्या वर्षी ती रडकुंडीला आली होती. नोव्हेंबरपासून गावातल्या निम्म्या खिडक्या मिटल्या आणि तिला वाटलं, आपल्यालाच टाकून सगळे गेले. दुसऱ्या हिवाळ्यात शेजारची म्हातारी दाराशी लिंबांची पिशवी ठेवून जाऊ लागली, काही न बोलता, कारण बोलण्यापुरती भाषा दोघींत नव्हतीच. तिसऱ्या हिवाळ्यात कॉफीवाला तिला नावाने हाक मारू लागला. ‘उन्हाळ्यात तो ढुंकूनही बघत नाही गो मावशी,’ ती म्हणाली, ‘तेव्हा मी त्याला पर्यटकच वाटत असणार.’ मग तिने विचारलं, ‘तुमच्याकडे बंद सीझन कधी गो?’

मी हसले. कन्हानला सीझन? इथे पर्यटक चुकूनसुद्धा उतरत नाही; रामटेकला जाणारा गाडीतून चहा मागतो, तेवढाच. पण प्रश्न डोक्यात राहिला. बंद सीझन आहे आम्हाला. तो अक्षय तृतीयेच्या आसपास सुरू होतो.

त्याचं रूप समुद्रकाठच्या गावासारखं मुळीच नाही. खाण बंद होत नाही, पाळ्या चालूच, कोळशाचे ट्रक चालूच, पुलावरची धूळ तशीच. शांतता म्हणायची ती माणसांच्या आवाजातली. दुपारी अकराला गल्ली मिटते ती पाचला उघडते. मधले सहा तास ऊन एकटंच रस्त्यावर असतं. २०१३ च्या २३ मेला नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता. त्या दिवशी आमच्या न्हाणीघरातल्या नळाचं पाणी चहाला चाललं असतं. नवतपाचे नऊ दिवस तर लोक एकमेकांना फोनवर फक्त तापमान सांगतात. कुलरच्या मोटारीची एकसुरी घरघर, ओल्या वाळ्याचा वास, खाली बसून पन्ह्याचे घोट घेत हे पेपर तिसऱ्यांदा वाचत असलेले. कुलर ही आमच्या घरात स्वतंत्र संस्था आहे. तिचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार तिन्ही हेच. पंप जळला, बेअरिंग वाजलं, गवत बदलायचं, असं रोज काही तरी चर्चेला असतंच.

आणि दुपारी ब्लास्टिंग. खुल्या खाणीत सुरुंग उडतो, आधी पायाखाली हलकी थरथर येते, मग आवाज, मग तावदानं. घर भरलेलं असतं तेव्हा हे कोणाच्या लक्षातही येत नाही. पण मे महिन्यात, सगळीकडे सामसूम असताना, सुरुंगाचा आवाज विरला की मागोमाग एक छोटा आवाज येतो. शेजारच्या कुलूपबंद घरात फळीवरचं एखादं भांडं सरकतं आणि खाली पडून गोल गोल फिरत राहतं. मी तेवढ्या वेळ हातातलं काम थांबवते. भांडं थांबेपर्यंत. संध्याकाळी किल्ली घेऊन जाते आणि ते जागेवर ठेवून येते.

वाळ्याच्या वासावरून आठवलं. कामठीची छावणी १८२१ ची. इंग्रजांनी इथे मद्रासकडची फौज आणून ठेवली, म्हणून कामठीत आजही तमिळ, तेलुगू घरं आहेत, पिढ्यानपिढ्यांची. विणकर मोमीन उत्तरेकडून आलेले. गोऱ्या साहेबांसाठी ही नेमणूक म्हणजे भाजून निघण्याची शिक्षा. उन्हाळा लागला की मध्य प्रांताचं सरकार पचमढीच्या थंडाव्याला जाई. ज्यांना जमे त्या मडमाही जात. राहतील त्यांनी दारांना वाळ्याच्या ताट्या लावायच्या आणि बाहेरून भिश्त्याने त्या भिजवत राहायचं. म्हणजे आमचा बंद सीझन चांगला दोनशे वर्षांचा आहे. जायचं कोणी आणि राहायचं कोणी, एवढंच बदलत गेलंय. त्या ताट्यांच्या आड राहिलेल्या एखाद्या मडमेला दुपारी काय ऐकू येत असेल, असं मला कधी कधी वाटतं. सुरुंग नव्हते. होला असेल. मेमध्ये कडुलिंबात बसून तो तेच तेच बोलतो, तेव्हाही बोलत असेल.

जायला लांबच लांब घर असूनही न गेलेला एक माणूस आमच्या भागाने पाहिला. भदंत सुरई ससाई जपानातून साठच्या दशकात भारतात आले, नागपुरात इंदोऱ्याला राहिले, पुढे भारताचे नागरिकही झाले. रामटेकजवळच्या मनसरच्या टेकडीवर जे मोठं उत्खनन झालं त्यामागे त्यांचाच ध्यास. त्यांच्या धम्मकार्याबद्दल बोलण्याचा अधिकार मला नाही. मला त्यांच्या संदर्भात भलतेच बायकी प्रश्न पडतात. नागपूरचा पहिला मे महिना त्यांनी कसा काढला असेल? डोक्याला ओलं फडकं बांधायला त्यांना कोणी शिकवलं? आणि भाजीवाली सांबार म्हणाली तेव्हा त्यांना काय वाटलं असेल?

फिरायला जाते ती पुलापर्यंत. उन्हाळ्यात नदी म्हणजे रेतीचं मैदान आणि त्यातून एका कडेने जाणारी पाण्याची पट्टी. हीच नदी नागपूरला पाणी पाजते, यावर बाहेरच्या माणसाचा मे महिन्यात विश्वास बसायचा नाही. पश्चिमेकडे खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. आणि पुलाखाली रेतीत, अजून उरलेल्या आहेत तोवर, डांगरवाड्या. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की ढिवर कुटुंबं पात्रात उतरतात. रेतीत नाल्या खणायच्या, त्यात शेणखत भरायचं, बी लावायचं, वाऱ्याने रेती उडून वेल गाडला जाऊ नये म्हणून काड्यांचे आडोसे करायचे, डबडी भरभरून पाणी घालायचं. मार्चपासून टरबूज, डांगर म्हणजे खरबूज, काकडी, वाळूक. रात्री कोल्ह्यांसाठी जागायचं. आता रेतीच इतकी उपसून नेतात की काही ठिकाणी नदीला नुसते खड्डे उरलेत. खड्ड्यात डांगर लागत नाही. पूर्वी पुलावरून पाहिलं तर रेतीवर हिरव्या रेघाच रेघा दिसत. आता बोटावर मोजाव्यात एवढ्या.

पुलाच्या तोंडाशी जी बाई डांगरं घेऊन बसते तिची माझी ओळख वीसेक वर्षांची. मे महिना आला की ती मला तोच प्रश्न विचारते.

“यंदाबी नाई गेले काय जी गावाले?”

“नाही गेले.”

“काहून?”

दरवर्षी मी नवीन कारण सांगते. कधी ह्यांची तब्येत, कधी रिझर्व्हेशन. यंदा म्हटलं, “मी गेले तर तुमची डांगरं कोण खाणार?”

“माय वं! नागपूरचे लोकं काय मेले?” ती खळखळून हसली आणि एक डांगर नाकाशी नेऊन, वास घेऊन, माझ्या पिशवीत टाकलं. डांगर निवडायची तिची रीत हीच. दाबून बघत नाही, वाजवून बघत नाही.

एकदा मी तिला विचारलं होतं, रेतीतली ही जागा दरवर्षी तुमचीच असते का. ती रेतीकडे न बघता म्हणाली, “जागा कोनाची राहते जी. मिरगापर्यंत नदी देते, मंग मांगते.” लगेच पुढच्या गिऱ्हाइकाशी भाव करायला वळली. तिने हे फार सहज म्हटलं, म्हणजे भाडेपावतीवरचं कलम वाचावं तसं.

संध्याकाळी सहानंतर गल्ली पुन्हा श्वास घेते. अंगणात पाणी मारायचं, खाट बाहेर काढायची. बाकी वर्षात या वेळेला शिकवण्या, टीव्ही, पोरांचं क्रिकेट, मोटारसायकली. मे महिन्यात राहिलेली माणसं मोजकी. खाणीतला पंपवाला, कारण खाणीतलं पाणी सुट्टी घेत नाही. रेल्वेत असलेला एक जण. एक विधवा आजी, जिला जायला गावच उरलं नाही. दोन परीक्षेची पोरं. आणि आम्ही. एरवी यांच्यातलं कोणी कोणाशी बोलतं असं नाही. पण या सहा आठवड्यांत कोणाच्या तरी ओट्यावर खुर्च्या जमतात, कोणी टरबूज कापतं, लाइन गेली की हातपंखे बाहेर येतात. किराणावाला, जो अकरा महिने मान वर न करता पुडी बांधतो, तो मे महिन्यात स्टूल पुढे सरकवतो. “बसा जी बाई. कुठी जायचं आहे उन्हात?” त्याच्या दुकानात बसून मी त्याच्या आजोबांची अख्खी गोष्ट ऐकलीय, तेही कुठून तरी आलेलेच, बैलबंडीने. जून लागला की स्टूल आत जातं. मी पुढे उभी असले तरी तो पुन्हा मान वर करत नाही. मला त्याचा राग येत नाही. माझाही आवाज तेव्हा गर्दीतलाच असतो.

परवा देवगडहून दिरांचा फोन आला. घराच्या वाटणीचे कागद झालेत, सह्यांना या, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तलाठी भेटेल. मी म्हटलं, “हो, येऊन राहिलो.” पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग दीर जरा जपूनच म्हणाले, “रवाक येतास वयनी? कायमची?”

मला चूक कळली, म्हणजे चूक कोणाची ते नाही, पण झाली कुठे ते कळलं. सांगायला हवं होतं की अहो, इकडे असं म्हणतात, येऊन राहिलो म्हणजे येतोय. चार दिवसांसाठी येतोय. पण शब्द काही पटकन सुचेनात. ह्यांच्याकडे बघितलं तर ते कुलरच्या पंपात डोकं घालून बसलेले. “बघू,” असं काही तरी मी म्हटलं आणि फोन ठेवला. रात्री ह्यांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, “मग तू काय म्हणालीस?”

तारखा अशा आल्यात की आम्ही निघू तेव्हा बाकी सगळे परतलेले असतील. यंदा पहिल्यांदाच भरलेल्या गल्लीत आमचं एकट्याचं दार बंद. छपऱ्याची बाई परवा पोचेल, बिलासपूरचे दोघे त्याच गाडीने. किल्ली कोणाकडे ठेवायची, यावर काल आमचं बरंच बोलणं झालं. श्रीकाकुलमवाली दिवा लावेल, पण तुळशीला फार पाणी घालते. छपऱ्याच्या घरी पोरं किल्ली हरवतील. आजींकडे ठेवावी तर त्यांना आता रात्रीचं दिसत नाही. हे म्हणाले, किराणावाल्याकडे ठेव. जूनमध्ये? मी विचारलं. ते गप्प बसले.

कोणाकडेही ठेवली तरी तिथल्या खिळ्यावर ती आमची म्हणून ओळखू यायला हवी. शिवणाचा डबा काढून बसले. लाल नको, निळा नको, पांढरी चिंधी नको. ती घरं ठरलेली आहेत. डब्यात हिरवा दोरा होता, बराचसा, आणि जांभळा थोडासा, कुठल्या तरी जुन्या परकराचा उरलेला. दोन्ही बोटाला गुंडाळून बघितले. बाहेर वारा सुटला होता, मातकट, रेतीचा. पुलावर गाडी आली. तिची घरघर बराच वेळ ऐकू येत राहिली. ह्यांनी आतून विचारलं, काय करून राहिलीस. मी म्हटलं, काही नाही, दोरा बघून राहिले.